एका हंगामाचा क्लब आणि आपल्या तालमी

तुम्ही तिघांनी मिळून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पेठापेठांतल्या तालमींच्या फुटबॉल सामन्याला होते तेवढी गर्दी पुण्याच्या व्यावसायिक क्लबांना कधी झाली नाही, मग कोल्हापूरचा व्यावसायिक क्लब का नाही? एमआयडीसीतले एक उद्योजक पैसे घालायला तयार आहेत. पुण्यात कल्याणी समूहाने काढलेला भारत एफसी एका हंगामात बंद पडला असं तुम्ही ऐकलंय. त्याचं नेमकं काय झालं, आणि आपलं तसं होऊ नये म्हणून काय करायचं?

गर्दीचं आधी बोलतो, कारण फसगत तिथूनच सुरू होते. शाहू स्टेडियमवरची माणसं फुटबॉल बघायला येतात हे अर्धंच खरं आहे. ती आपली पेठ जिंकलेली बघायला येतात. पाटाकडील आणि दिलबहार या दोन तालमी समोरासमोर असल्या की ऊन उतरायच्या आत जागा धरावी लागते. त्याच आठवड्यात तळाच्या दोन संघांचा सामना असला की मोजकी डोकी दिसतात, त्यातली निम्मी खेळाडूंच्या घरची. मी तीस वर्षं या मैदानावर आहे. आधी पेठेच्या तालमीकडून हाफला खेळलो, मग प्रशिक्षकाच्या लायसन्सचे कोर्स करून पोरांना शिकवायला लागलो. या तीस वर्षांत मी एकही माणूस पाहिला नाही जो म्हणाला, "आज कोण खेळतंय ठाऊक नाही, पण चला, फुटबॉल बघू." तेव्हा ही गर्दी नव्या क्लबाला आयती मिळेल असं धरून हिशेब मांडू नका.

आता भारत एफसी. त्याची गोष्ट समजायला एक वर्ष मागे जावं लागतं. 2013 मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आय-लीगला, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या सर्वात वरच्या लीगला, नवं दार पाडलं. खालच्या गटातून खेळत वर यायचं हा नेहमीचा रस्ता. नवा रस्ता असा की मोठ्या कंपनीने बोली लावायची, अटी मान्य करायच्या आणि नवा क्लब थेट वरच्या लीगमध्ये उतरवायचा. वर सुरुवातीचे काही हंगाम शेवटचा नंबर आला तरी खाली ढकलणार नाही ही हमी. महिंद्रा युनायटेडसारखा 1962 पासूनचा क्लब 2010 मध्ये बंद झाला होता, पुढच्याच वर्षी पंजाबातला जेसीटी गेला होता. लीगमध्ये संघ टिकत नव्हते, म्हणून नवे पैसेवाले बोलवायचे, असा तो विचार. या दारातून पहिला आला जेएसडब्ल्यू या पोलाद समूहाचा बंगळुरू एफसी. अ‍ॅशली वेस्टवूड हा इंग्लिश प्रशिक्षक, सुनील छेत्री कर्णधार, आणि 2013-14 च्या पहिल्याच हंगामात विजेतेपद. असं घडलं की सगळ्यांनाच वाटतं, अरे, हे तर सोपं आहे.

2014 च्या अखेरीस त्याच दारातून भारत एफसी आला. मालक कल्याणी समूह. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीवाल्यांना या समूहाची फोर्जिंग कंपनी भारत फोर्ज काय आहे हे सांगायला नको. क्लबच्या नावाचा धागा तिथलाच, असं मी तरी समजतो. पण त्या नावातच मला पहिली खोट दिसली. नावात पुणे नाही. पेठ नाही, उपनगर नाही, नदी नाही, डोंगर नाही. भारत सगळ्यांचा, त्यामुळे कोथरूडच्या पोराला किंवा कॅम्पातल्या जुन्या फुटबॉलवाल्याला "आमचा" म्हणावं असं त्यात काही हाताला लागत नव्हतं. आपल्याकडे तालमीचं नाव हीच तिची वर्गणी असते. गल्लीत पावतीपुस्तक घेऊन गेलं की लोक नाव बघून पैसे देतात, संघ कसा खेळतो ते नंतर.

प्रशिक्षक म्हणून स्टुअर्ट वॉटकिस आले, तेही इंग्लंडचेच. बचावात बॉबी हॅसल होता, ज्याने इंग्लंडच्या बार्न्सली क्लबकडून अनेक वर्षं काढली होती. पुढे न्यूझीलंडचा क्रिस ब्राइट. म्हणजे कारभार पोकळ नव्हता, माणसं कामाची होती. अडचण वेळेची होती. 2014 मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि तिने ऑक्टोबर ते डिसेंबर हे महिने घेतले, त्यामुळे आय-लीग जानेवारी 2015 मध्ये ढकलली गेली. वर्षाच्या शेवटी जन्मलेल्या क्लबाने जानेवारीत मोहन बागान, ईस्ट बंगालपुढे उभं राहायचं. चांगले देशी खेळाडू तोवर कुठे ना कुठे करारबद्ध झालेले. उरलेल्यांतून संघ बांधायचा.

त्या हंगामात मी आमच्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांना गाडी करून बालेवाडीला नेलं होतं. एक गंमत सांगतो. कोल्हापूरहून हायवेने गेलं की कात्रजच्या पुढे बायपासने थेट बालेवाडीला पोचता येतं, शहरात शिरायचीही गरज नाही. आम्ही सव्वादोनशे किलोमीटरवरून सरळ जाऊन बसलो, आणि पुण्याच्या मध्यवस्तीतला माणूस त्या संध्याकाळी ट्रॅफिकमध्ये अडकला असणार. बालेवाडीचं क्रीडासंकुल 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेलं, शहराच्या पार पश्चिम टोकाला. सोयी उत्तम. पण सामना संपल्यावर चहाच्या गाडीवर उभं राहून भांडायला जागा नाही. शाहू स्टेडियममधून बाहेर पडलं की पाच मिनिटांत तुम्ही कुठल्या तरी कट्ट्यावर असता आणि पेनल्टी दिली ती बरोबर होती की नव्हती यावर रात्री अकरापर्यंत काथ्याकूट चालतो. क्लब तिथे मोठा होतो.

पोरांना मी त्या दिवशी एकच काम दिलं होतं. चेंडू बघायचा नाही, चेंडू गमावल्यानंतरच्या पहिल्या चार-पाच सेकंदांत संघ काय करतो ते बघायचं. घाईने जमवलेला संघ तिथे उघडा पडतो. चेंडू पायात असताना अनुभवी खेळाडू वेळ मारून नेतात, पण चेंडू गेला की कोणी पुढे धावायचं आणि कोणी मागे सरायचं हे एकमेकांकडे न बघता कळावं लागतं. ते महिनोन् महिने एकत्र खेळूनच येतं. भारत एफसीचे दोन जण एकाच माणसावर जात आणि तिसरा मोकळा सुटे. आमच्या एका पोराने परतीच्या वाटेवर पेठनाक्याला भजी खाताना विचारलं, "सर, हे एकमेकांना ओळखत नाहीत का?" सामन्याचं त्याहून नेमकं वर्णन मला आजवर जमलेलं नाही.

अकरा संघ, प्रत्येकाचे 20 सामने, आणि भारत एफसी अकरावा. पण खाली गेला गोव्याचा धेंपो. धेंपो दहावा होता. पाच वेळा देशाचं विजेतेपद मिळवलेला क्लब खाली आणि तळाचा नवा क्लब हमीच्या जोरावर वर. यात भारत एफसीची चूक नाही, नियमच तसा होता. पण खेळाडूच्या अंगाने विचार करा. शेवटच्या पाच-सहा सामन्यांत हरलात तरी काही बिघडत नाही हे ज्या ड्रेसिंग रूमला माहीत आहे, तिथे प्रशिक्षकाने ओरडून ओरडून काय होणार? आपल्याकडे वरिष्ठ गटातून खाली जायची वेळ आली की तालमीचे म्हातारे रात्री कार्यालयात येऊन बसतात. ती भीती मोठ्या मोलाची आहे. तिच्यामुळे खेळाडू पळतो आणि मालकही जागा राहतो.

पुढचा हंगाम सुरू व्हायच्या आत क्लब बंद झाला. शेवटचा नंबर आला म्हणून बंद झाला असं लोक सांगतात. मला ते पटत नाही, कारण त्याच वेळी त्याच शहरातला दुसरा क्लबही बंद झाला आणि तो काही वाईट नव्हता.

तो म्हणजे पुणे एफसी. 2007 साली अशोक पिरामल समूहाने काढलेला. तो दुसऱ्या श्रेणीतून रीतसर खेळत 2009 मध्ये वर आला, 2009-10 च्या पहिल्याच मोठ्या हंगामात तिसरा, 2012-13 मध्ये उपविजेता, 2014 मध्ये एएफसी कपमध्ये, म्हणजे आशियाई महासंघाच्या क्लब स्पर्धेत, खेळला. वर आल्यावर गोव्याचे डेरिक परेरा यांनी बरीच वर्षं तो संघ घडवला. नावात पुणे होतं, थोडेफार पण कट्टर पाठीराखे होते, पोरांची अकादमी नावाजलेली होती. तोही 2015 मध्ये गेला. आणि त्याच हंगामात तिसरा आलेला शिलाँगचा रॉयल वाहिंगडोही गेला. तळाचा गेला, मधला गेला, तिसरा गेला. मग नंबराचा संबंध काय?

कारण लीगच्या खालची जमीन सरकत होती. महासंघाने 2010 मध्ये आपले व्यावसायिक हक्क 15 वर्षांसाठी 700 कोटींना आयएमजी-रिलायन्सला दिले होते. त्यातून 2014 मध्ये सुपर लीग निघाली. सिनेतारे, क्रिकेटपटू, जाहिराती, टीव्हीची चांगली वेळ सगळी तिकडे. आय-लीगच्या क्लबाला उद्या आपली लीग पहिल्या दर्जाची राहणार की दुसऱ्या, हे कोणी लिहून द्यायला तयार नव्हतं. पुण्यात तर 2014-15 मध्ये गंमतच झाली. सुपर लीगचा एफसी पुणे सिटी, आय-लीगचे पुणे एफसी आणि भारत एफसी, असे तीन व्यावसायिक क्लब एकाच शहरात आणि तिघांचं मैदान एकच, बालेवाडी. ज्या शहरात एका क्लबाला पुरेसे प्रेक्षक मिळत नव्हते तिथे तीन. आपल्याकडे एका गल्लीत तीन मिसळ चालतात, पण तिथे तीनही दुकानांपुढे रांग असते म्हणून.

आता पैशाचं. कोणाच्या ताळेबंदात न शिरताही साधा हिशेब करता येतो. 20 सामन्यांतले 10 बाहेरचे, त्यातला पुणे एफसीविरुद्धचा बालेवाडीतच, म्हणजे दौरे नऊ. कोलकाता, शिलाँग, गोवा, बंगळुरू. 18 खेळाडू आणि प्रशिक्षक, फिजिओ, किट सांभाळणारा, मॅनेजर असे सात, म्हणजे 25 माणसं. नऊ दौरे म्हणजे वर्षाला सव्वादोनशे जणांचं जाण्यायेण्याचं भाडं, बहुतेक विमानाचं, कारण गुवाहाटीपर्यंत रेल्वेने आणि पुढे रस्त्याने शिलाँगला जाऊन तिसऱ्या दिवशी सामना खेळता येत नाही. त्यावर दोन-दोन रात्रींचं हॉटेल. हे पगाराच्या आधीचं. त्यानंतर वीस-पंचवीस खेळाडूंचे पगार, परदेशी खेळाडूंचे वेगळे, त्यांच्या राहत्या घरांची भाडी, सरावाचं मैदान, विमा, डॉक्टर. आणि येणारी बाजू? टीव्हीच्या पैशातून घरखर्च निघावा एवढा वाटा आय-लीगच्या क्लबाला मिळत नव्हता. तिकिटांतून मैदानाचं भाडं निघालं तरी नशीब. म्हणजे सगळा खर्च मालकाच्या खिशातून, आणि त्याच्या खात्यावर ही रक्कम जाहिरात किंवा समाजकार्य म्हणून लागते. वर्षअखेरीला कोणीतरी विचारतंच, या जाहिरातीने आपल्याला काय दिलं? फोर्जिंग विकत घेणारा ट्रक कंपनीचा माणूस आय-लीग बघून ऑर्डर देत नाही.

तेव्हा मालकाला खलनायक करू नका. उलट मी म्हणेन, एका हंगामात बंद करणं हे तीन हंगाम पगार थकवून बंद करण्यापेक्षा सभ्य होतं. मला खुपतं ते हे की क्लब बंद होताना कोणी भांडलं नाही. उद्या पेठेतली एखादी तालीम जाहीर करू दे की आम्ही यंदापासून संघ उतरवणार नाही. मिरजकर तिकटीपर्यंत गोंधळ ऐकू येईल.

भारत एफसी गेल्यावर रिकाम्या जागेत पुण्याचाच डीएसके शिवाजियन्स आला, तोही बोली लावून थेट. हा मुळात 1987 चा क्लब, म्हणजे नवखा नाही, आणि लिव्हरपूलच्या भागीदारीतली निवासी अकादमी त्याच मालकांची. 2015-16 मध्ये नऊ संघांत तो शेवटचा. पुन्हा हमी. त्यामुळे खाली ढकलला गेला आठवा आलेला ऐझॉल एफसी. पुढे गोव्याच्या क्लबांनी लीग सोडली, जागा रिकामी झाली आणि ऐझॉलला परत घेतलं. आणि 2016-17 मध्ये खालिद जमील यांच्या हाताखाली ऐझॉलने थेट आय-लीग जिंकली! मिझोरामचा, गावातल्या लोकांच्या जिवावर चालणारा क्लब, मुंबई एफसीतून मोकळ्या झालेल्या प्रशिक्षकाला घेऊन मोहन बागानच्या पुढे गेला. डीएसके त्याच 2017 मध्ये संपला, मालक समूहच अडचणीत आला होता. मुंबई एफसीही त्या हंगामात तळाला जाऊन मावळला. आणि एफसी पुणे सिटी? 2017-18 मध्ये उपांत्य फेरी, तेव्हा वाटलं की आता बसतंय बस्तान. 2019 मध्ये मालकांची आर्थिक ओढाताण झाली आणि ती जागा हैदराबाद एफसीला गेली. पाच वर्षांत पुण्यातले चार क्लब. मी त्या काळात पुण्याला पोरं पाठवायचो तेव्हा आईबापांना क्लबचं नाव सांगायला घाबरायचो.

पण पोरं पाठवायचो, आणि ते उगाच नाही. अनिकेत जाधव आपल्या कोल्हापूरचा. क्रीडा प्रबोधिनी, मग पुणे एफसीची अकादमी, तिथून राष्ट्रीय शिबिर, आणि 2017 मध्ये दिल्लीच्या मैदानावर 17 वर्षांखालच्या विश्वचषकात भारताच्या जर्सीत. निखिल कदमही आपला, तोही पुण्यातूनच वर जाऊन पुढे मोहन बागानकडून खेळला. पुणे एफसी बंद पडला तेव्हा त्याची अकादमी एफसी पुणे सिटीने घेतली, म्हणजे पहिला संघ मेला तरी पोरांचा भाग विकत घ्यावा एवढा किमती होता. भारत एफसीकडे अशी विकण्याजोगी गोष्टच तयार झाली नाही. एका हंगामात ती होतही नाही. तुमच्या उद्योजकांना हे वाक्य नक्की ऐकवा, कारण व्यवहारी माणसाला ते लगेच कळेल: पहिल्या संघावरचा पैसा मेमध्ये संपतो, पोरांवरचा शिल्लक राहतो.

आता आपल्याकडे येऊ. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन 1940 ची. वरिष्ठ गटात 16 संघ, जवळजवळ सगळे तालमी आणि मंडळांचे. मूळच्या कुस्तीच्या तालमी. लाल मातीतली ईर्ष्या हिरवळीवर आली, एवढाच फरक. यातला एकही संघ कोणा एकाच्या मालकीचा नाही, म्हणून मरत नाही. वर्गणी, एखादा नगरसेवक, एखादा सराफ, एखादा दुबईला गेलेला जुना खेळाडू, असं करत गाडं चालतं. एक आटला तरी दुसरा असतो. पण याच कारणाने तो व्यावसायिकही होत नाही. कोणाशी लेखी करार नाही, हिशेब एका वहीत आणि ती वही कोणाच्या घरी आहे त्यावर वाद. बाहेरचे आणि परदेशी खेळाडू आपणही आणतो, हंगामापुरते. त्यांच्या मानधनाची पावती किती तालमींकडे असेल, हे तुम्हीच मनात मोजा.

माझाच एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी मी प्रशिक्षक असलेल्या एका संघाला असेच एक हौशी दाते मिळाले. नवी जर्सी, दोन बाहेरचे खेळाडू, ढोल-ताशात उद्घाटन. मार्चमध्ये दोन सामने हरलो आणि त्यांचा फोन लागेना. एप्रिलमध्ये त्या दोन पोरांच्या खोलीचं भाडं थकलं. घरमालकीण बाई भली, तिने दोन महिने जेवायलाही घातलं. गावी जायची तिकिटं आम्ही आठ जणांनी काढली. कागद काहीच नव्हता, त्यामुळे मागायचं कोणाकडे? चूक दात्यांची जेवढी, तेवढी माझीही. मी पहिल्या दिवशी लिहून घ्यायला पाहिजे होतं.

आणि ईर्ष्येचा प्रश्न. समजा, पैसे आले, कोल्हापूर नावाने एक क्लब निघाला. रंग कोणता? निळा-पांढरा घेतला की निम्मं गाव म्हणणार, हा त्यांचा. पिवळा घेतला की उरलेले म्हणणार, हा यांचा. प्रशिक्षक कुठल्या पेठेचा, कर्णधार कुठल्या तालमीचा, निवड समितीत कोण, यावर पहिला चेंडू पडायच्या आत तीन बैठका उधळतील. बंगळुरूत जुन्या पेठांच्या संघांचं एवढं वजन नव्हतं, म्हणून नवा क्लब तिथे रिकाम्या पाटीवर लिहू शकला. आपली पाटी भरलेली आहे. आणि मैदान? सोळा संघांना, शिवाय सगळ्या चषक स्पर्धांना मिळून एक शाहू स्टेडियम. पावसाळा उलटल्यावर त्या गवताला श्वास घ्यायला किती दिवस मिळतात ते तिथल्या माळीबुवांना विचारा. त्यात हुल्लडबाजी झाली की स्पर्धाच थांबते, हे आपण सगळ्यांनी भोगलंय. राष्ट्रीय लीगमध्ये दगड पडला तर सामना रिकाम्या मैदानात खेळावा लागू शकतो, दंड वेगळा.

गंमत म्हणजे कोल्हापूरच्या नावाने राष्ट्रीय लीग खेळून झालेली आहे. मुलींनी. एफसी कोल्हापूर सिटी या नावाने 2019 च्या इंडियन विमेन्स लीगमध्ये आपला संघ होता. तुमच्या प्रश्नात त्याचा उल्लेख नाही, आणि कट्ट्यावर विचारलं तरी दहातल्या नऊ जणांना आठवणार नाही. तिथे पेठेचा वाद आड आला नाही, कारण मुलींच्या संघावर कोणी हक्क सांगायलाच गेलं नाही. त्या पोरींना कोणाचा विरोध झाला नाही तसा कोणाचा पाठिंबाही मिळाला नाही. हे लाजिरवाणं आहे, पण तुम्हाला यात एक मोकळी वाट दिसते का बघा.

तुमच्या उद्योजकांना मी पुढीलप्रमाणे सांगेन. थेट वरच्या लीगमध्ये शिरायचं डोक्यातून काढा. 2023 मध्ये आय-लीग 3 सुरू झाली, त्याच्या वर आय-लीग 2, मग आय-लीग, आणि 2022-23 च्या विजेत्यापासून आय-लीग जिंकणाऱ्याला सुपर लीगचा रस्ता उघडला, पंजाबचा राउंडग्लास त्या वाटेने पहिला गेला. वर कोण चालवतंय, किती संघ राहतात, हे बदलत राहील. शिडीची खालची पायरी मात्र राज्य संघटनेतूनच चढावी लागते, आणि तिचा खर्च वरच्या लीगपुढे काहीच नाही.

दुसरं, क्लब लायसन्सिंगचे निकष आधी वाचा, जर्सीचं डिझाइन नंतर. एएफसीच्या चौकटीत पाच भाग असतात: खेळ, मैदान-सुविधा, माणसं, कायदेशीर बाजू आणि आर्थिक बाजू. खेळ म्हणजे फक्त पहिला संघ नव्हे, वयोगटांचे संघ लागतात. माणसं म्हणजे लायसन्स असलेले प्रशिक्षक, डॉक्टर, सुरक्षा बघणारा माणूस, नावानिशी. आर्थिक म्हणजे ऑडिट झालेला ताळेबंद आणि कोणाही खेळाडूची थकबाकी नाही याचा पुरावा. आपल्या तालमी खेळाच्या भागात तरतील, मैदानाच्या भागात महापालिकेकडे आणि असोसिएशनकडे बघतील, आणि शेवटच्या दोन भागांत घोडं अडेल. तेव्हा सुरुवात तिथून. तालमीपासून वेगळी नोंदणीकृत संस्था, वेगळं बँक खातं, पगारी हिशेबनीस. हे काम कंटाळवाणं आहे म्हणूनच कोणी केलेलं नाही.

आणि पैसे एकाकडून सगळे घेऊ नका. तो कितीही भला असला तरी. एकाने निम्म्यापेक्षा कमी द्यावं, बाकी दहा जणांकडून थोडं थोडं. देणाऱ्याने पहिल्याच दिवशी दोन हंगामांची रक्कम बँकेत वेगळी ठेवावी, त्यातून फक्त पगार आणि भाडी जातील, असं लिहून घ्या. तो म्हणाला "माझ्यावर विश्वास नाही का?" तर सांगा, आहे, म्हणूनच तुमचं नाव कागदावर हवं.

खेळाडूंचं म्हणाल तर पहिली दोन वर्षं परदेशी एकही नको. 13, 15 आणि 17 वर्षांखालचे तीन संघ, सगळ्या पेठांतून निवडलेले. बारा वर्षांच्या पोराला रंगाचं काही नसतं, ते बापाला असतं. ही पोरं चार वर्षं एकत्र खेळली की चेंडू गमावल्यावर कोणी कुठे पळायचं हे त्यांना बघावं लागणार नाही. रंगाचा वादही तोवर तीच मिटवतील, कारण तो त्यांचा संघ असेल.

तुम्ही शेवटी विचारलंय की मी येईन का. येईन, पण आधी एक बैठक घ्या आणि तिचा इतिवृत्तांत मला आणून दाखवा. खाली निदान पाच तालमींच्या सह्या असू देत. त्यात पाटाकडील आणि दिलबहारची सही एकाच पानावर असली तर त्या दिवसाचा चहा माझ्याकडून.